नंबर सगळ्यांना, पत्ता कुणालाच नाही: निवारागृहासाठी गावसंपर्क आणि स्वयंसेविकांची बांधणी, टप्प्याटप्प्याने

घरातल्या मारझोडीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या निवारागृहाला मदत करू इच्छिणारी माणसं कोकणात कमी नाहीत. चुकतो तो क्रम. उत्साहाच्या भरात आधी रॅली निघते, पोस्टर लागतात, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की ग्रुपवर टाकलेल्या फोटोत निवारागृहाचं फाटक दिसतंय आणि मागच्या भिंतीवर ग्रामपंचायतीचं नावही. मला दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी फोन येतो, "आमच्याकडे वीस जणी तयार आहेत, आता त्यांना काम काय देऊ?" काम न ठरवता वीस जणी गोळा केल्या, इथेच पहिली चूक झालेली असते.

रक्तदान शिबिराचा जेवढा गाजावाजा होईल तेवढा बरा. इथे मात्र मदतीचा फोन नंबर वाडीवाडीत पोचवायचा आणि पत्ता झाकून ठेवायचा, ही दोन कामं एकाच माणसांकडून करून घ्यायची असतात. खाली दिलेला क्रम त्यासाठी आहे. मधला टप्पा गाळू नका.

टप्पा १: आधी आतली बाजू

गावात पाऊल टाकण्याआधी निवारागृहाच्या अधीक्षिकेसोबत एक दुपार बसा. किती खाटा, रात्री दोन वाजता बाई आली तर दार कोण उघडणार, जागा नसेल तर पुढे कुठे पाठवायचं, हे कागदावर घ्या. सोबतचा मुलगा किती वर्षांपर्यंतचा चालतो, हे तर आधीच विचारा. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन बाई दारात उभी आहे आणि आत नियमावली शोधली जाते आहे, असं होऊ नये.

प्रवेशाच्या अटींबद्दल स्वयंसेविकांमध्ये एक गैरसमज हमखास असतो: "आधी पोलिसात तक्रार, मग निवारा." तसं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६ प्रमाणे बाईने स्वतः, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने) अथवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेने मागणी केली, की अधिसूचित निवारागृहाने तिला आसरा द्यायचा असतो. घरगुती घटनेचा अहवाल (हिंसेची कायद्यातली नोंद) आधी नोंदवला नाही म्हणून तिला नाकारता येत नाही. तिची इच्छा असेल तर ती तिथे आहे हे नवऱ्याला कळवायचं नाही, हेही त्याच कायद्याच्या नियमांत आहे.

मग फोन. मदतीच्या नंबरावर चोवीस तास माणूस हवा, आणि तो नंबर ट्रूकॉलरवर (अनोळखी नंबराचं नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपवर) काय नावाने दिसतो ते तपासा. स्वयंसेविका नंबर सेव्ह करताना सरळ "निवारागृह मॅडम" असं लिहितात. ते नाव ट्रूकॉलरवर पोचलं, तर बाईला उलट फोन गेला की नवऱ्याच्या हातातल्या फोनवर तेच नाव झळकू शकतं. सगळ्यांनी एकच साधं नाव सेव्ह करायचं. आमच्याकडे ते एका मसाल्याच्या नावाने आहे.

तिसरी गोष्ट ओळखीची. तालुक्याच्या संरक्षण अधिकारी, जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बाईला एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र, तिथे तात्पुरता निवारा साधारण पाच दिवसांपर्यंत मिळतो), पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, प्रत्येक ठिकाणी समोरासमोर जाऊन या. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे तालुक्याच्या न्यायालयाबाहेर बसणाऱ्या कित्येक जणांनाही ठाऊक नसतं.

तपासा: रविवारी रात्री अकरा वाजता आपल्याच नंबरावर अनोळखी फोनवरून कॉल लावा. लागोपाठ तीन रविवार कुणी नीट उचलला, तरच टप्पा २ कडे जा. नंबर गावात पोचला आणि पहिल्या बाईचा फोन वाजत राहिला, तर त्या वाडीत दुसरी फोन करणार नाही.

टप्पा २: तीन रिंगणं आखा

कामं ठरवताना एकच माप लावा: हे काम करणारी बाईच्या किती जवळ जाते?

बाहेरच्या रिंगणात गावसंपर्क येतो. कार्ड वाटणं, बैठका, देणगी गोळा करणं, छपाई, हिशेब. या माणसांना निवारागृह कुठे आहे हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. पुरुष स्वयंसेवकांनी इथे जरूर काम करावं. रिक्षा स्टँडवर, मच्छिमार सोसायटीत, क्रिकेटच्या मंडळात बोलायला तेच लागतात.

मधल्या रिंगणात फोन घेणाऱ्या, रुग्णालयात किंवा न्यायालयात सोबत जाणाऱ्या. या बाईला भेटतात, पण निवारागृहाबाहेर.

आतल्या रिंगणात फार थोड्या. मुलांचा अभ्यास घेणारी, शिवण शिकवणारी, स्वयंपाकात हात लावणारी. यांना पत्ता माहीत असतो. एका निवारागृहाला पाच-सहा जणींपेक्षा जास्त नकोत, असं माझं मत आहे. आत फेऱ्या जितक्या वाढतील तितकी शेजाऱ्यांची उत्सुकता वाढते.

सावधान: बाहेरच्या रिंगणातून आतल्या रिंगणात बढती हे बक्षीस नाही. "ताई इतकी वर्षं काम करतात, त्यांना एकदा आत नेऊन आणूया" असं कुणी म्हणालं की नम्रपणे नाही म्हणा. मी एकदा हो म्हटलं होतं. त्या ताई मनाने चांगल्याच. पण परत जाताना एसटीत शेजारी बसलेल्या नणंदेला त्यांनी रस्ता वर्णन करून सांगितला.

टप्पा ३: माणसं निवडा

फॉर्म, आधारची प्रत, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि नातेवाईक नसलेल्या दोघांची शिफारस. एवढं कागदी काम आतल्या आणि मधल्या रिंगणाला न चुकता. नंतर तासभर गप्पा. गप्पांत मी एक प्रश्न हटकून विचारते: "तुम्ही दोन महिने धडपडून जिला बाहेर काढलंत ती परत नवऱ्याकडे गेली, तर?" उत्तरापेक्षा चेहरा बघा. "मग आमचं कशाला डोकं खाल्लं?" असा भाव उमटला, तर त्या व्यक्तीला हिशेबाचं काम द्या, फोनचं नको. बाया परत जातात, पुन्हा येतात. दुसऱ्या खेपेला तोंड दाखवायची लाज वाटू नये, हीच आपली कमाई.

कोकणात निवडीचा आणखी एक नियम लागतो: तालुका बदला. आडनाव आणि गाव एवढं कळलं की इथे माणूस सापडतो. भावकी, मुंबईचं मंडळ आणि वाडीचा ग्रुप मिळून अर्ध्या दिवसात पत्ता लावतात. म्हणून दापोलीची स्वयंसेविका राजापूरच्या बाईसोबत, कुडाळची चिपळूणच्या बाईसोबत. प्रवास वाढतो, त्याला इलाज नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार.

स्वतः या त्रासातून बाहेर पडलेल्या बाया कामाला येतात. त्यांच्यासारखं कुणी बोलू शकत नाही. पण बाहेर पडून निदान वर्ष झालेलं असावं, न्यायालयातलं प्रकरण ऐन भरात नसावं, आणि सुरुवात त्यांच्या तालुक्यापासून लांब असावी.

टप्पा ४: प्रशिक्षण, आणि एका प्रश्नाची सवय मोडणं

चार दिवस पुरतात, पण सलग नकोत. दोन दिवस, मध्ये पंधरवडा, मग दोन दिवस. मधल्या पंधरवड्यात निम्म्या जणी स्वतःच्या घरातल्या आठवणींनी ढवळून निघतात. काही थांबतात. थांबणारीचा राग धरू नका.

कायद्याचा भाग अर्ध्या दिवसात आटपा. संरक्षण आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा ताबा या गोष्टी दंडाधिकाऱ्यांकडे एकाच अर्जात मागता येतात. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल त्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, आणि बाईला दिवसांची आशा लावायची नाही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छळाचा फौजदारी गुन्हा वेगळा: पूर्वीचं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. इतकं पुरे, बाकी वकिलाचं काम. स्वयंसेविकेने कायद्याचा सल्ला द्यायचाच नाही.

उरलेला वेळ सरावाला, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग पुढच्या एका प्रश्नाला.

आमच्या स्वयंपाकघरात घडलेली गोष्ट. नवी आलेली बाई खोबरं किसत बसली होती. मदतीला आलेल्या मावशींनी मायेनेच विचारलं, "खंयची गो तू? म्हायार खंय?" तिने सांगितलं. मावशींना आनंद झाला, त्यांच्या आतेबहिणीचं सासर तिथेच. संध्याकाळी आतेबहिणीला फोन झाला, "तुमच्या वाडीतली एक पोर हय भेटली." तिसऱ्या दिवशी दीर फाटकाशी उभा. मावशींनी एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. कोकणातला सगळ्यात प्रेमळ प्रश्न त्यांनी विचारला होता, इतकंच.

तो प्रश्न जिभेवरून काढायला सराव लागतो. दोघींना समोरासमोर बसवा, एकीने नारळ किसायचा, दुसरीने पंधरा मिनिटं बोलायचं. गाव, माहेर, आडनाव, देव, पालखी, नवरा काय करतो, यातलं काही विचारायचं नाही. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही, सगळ्या चार मिनिटांत गप्प होतात. मग हळूहळू सुचतं: चहात साखर किती, पोराला गणित आवडतं का, पाऊस काय म्हणतो. माशांवर बोलतानाही जपून. कुठल्या माशाला काय म्हणते आणि वाटणात काय घालते, यावरून बाई श्रीवर्धनकडची की वेंगुर्ल्याकडची, हे जाणती माणसं ओळखतात. कळलंच तर ते आपल्यापाशी ठेवायचं.

तपासा: प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी चहाच्या सुट्टीत अनोळखी "पाहुणी" आणून बसवा. तिला गाव विचारणाऱ्या जणी अजून आतल्या रिंगणाला तयार नाहीत.

टप्पा ५: गावात शिरताना

आता कुठे गावसंपर्क. इथेही क्रम आहे. आधी आशा, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांच्या सीआरपी ताई (गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच बाया), कारण कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना आधीच माहीत असतं. मग सरपंच आणि पोलीस पाटील, त्यांना बातमी दुसरीकडून कळू नये म्हणून. शेवटी जाहीर बैठक. पोलीस पाटलांकडे स्पष्ट बोला: आम्ही नंबर देतो, कुणाची नावं मागत नाही आणि कुणाची नावं सांगणार नाही. तंटामुक्ती समिती "आम्ही बसवून मिटवतो" म्हणेल. वाद घालू नका. त्यांना सांगा की मारहाण असेल तिथे मिटवायला बसवण्याआधी बाईला एकटीला विचारायला हवं, आणि त्यासाठी नंबर हा.

बैठकीला "कौटुंबिक हिंसाचार जनजागृती" असं नाव दिलंत, तर जिला गरज आहे ती येऊच शकणार नाही. सासू म्हणेल, "तुका कशाक जावक व्हया?" नाव कागदपत्र शिबिराचं द्या, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासण्याचं द्या, आणि ती कामं खरोखर करा. रेशन कार्डात नाव, वारस नोंद, बँकेचं खातं हे तिच्या उपयोगाचंच आहे. तपासणीसाठी पडद्यामागे एकेकीला जावंच लागतं. तिथे परिचारिकेसोबत आपली एक जण, तीन मिनिटं आणि एकच वाक्य: "घरात कुणाची भीती वाटते का? आत्ता सांगायलाच हवं असं नाही."

कार्डाबद्दल. "हिंसा सहन करू नका" असं छापलेलं पत्रक कुठलीही सून घरी नेत नाही. आम्ही एसटीच्या वेळापत्रकाचं खिशात मावणारं कार्ड करतो. मागे उपयोगी नंबर: रुग्णवाहिका १०८, वायरमन, गॅस, मुलांसाठी १०९८, पोलीस ११२, महिला मदत १८१, मोफत वकील १५१००, आणि त्याच ओळीत आपला, मसाल्याच्या नावाने. बैठकीत तो कुठला हे तोंडी सांगायचं. सासऱ्यांनी कार्ड दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं तरी बिघडत नाही. उलट बरंच.

वेळ निवडताना सरकारी दिनदर्शिकेपेक्षा शेत आणि समुद्र बघा. लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून भातखाचरात वाकलेल्या, बैठक घ्यायची नाही. मेरेवर (बांधावर) न्याहारीच्या वेळी मात्र गप्पा होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, नौका किनाऱ्याला, पुरुष घरी, हातात पैसा नाही. या दोन महिन्यांत कोळीवाड्यात नवं काही सुरू करू नका, पण फोनवरचं माणूस एक मिनिटही हलू देऊ नका. आंबा-काजूच्या मोसमात बायकांच्या हातात स्वतःची मजुरी असते, कॅनिंगच्या शेडमध्ये त्या घरच्यांच्या नजरेआड असतात. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला काळ तो. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरलेलं, बाई एकटी सापडत नाही, आणि आपल्या स्वयंसेविकाही स्वतःच्या घरी अडकलेल्या. त्या दिवसांतली फोनची पाळी श्रावण लागतानाच लावा. विसर्जन झालं, मुंबईच्या गाड्या गेल्या, की फोन वाढतात असा आमचा अनुभव. गौरीला ओवसे (वाहायची भरलेली सुपं) घेऊन आलेल्या माहेरवाशिणी मात्र बोलतात. तिथे सीआरपी ताईंना कान देऊन ठेवायला सांगा.

सावधान: संक्रांतीचं हळदीकुंकू हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यात विधवा नसतात, मोहल्ल्यातल्या बाया नसतात आणि बौद्धवाडीतल्याही बहुधा नसतात. नुसत्या हळदीकुंकवांवर वर्षाचा अहवाल भरला, तर अर्धं गाव सुटलं असं समजा. मोहल्ल्यात तिथल्याच शिक्षिकेला किंवा शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईला आधी सोबत घ्या आणि बैठक तिच्या अंगणात होऊ द्या.

टप्पा ६: फोन आल्यावर

पहिलं वाक्य पाठ करून घ्या: "आत्ता बोलता येईल का? हो किंवा नाही एवढंच सांगा." निवारागृहाचं नाव पहिल्या वाक्यात कधीच नाही. मग ती आणि मुलं या क्षणी सुरक्षित आहेत का, लागलंय का, तो कुठे आहे. धोका समोर उभा असेल तर ११२, आणि आपण दुसऱ्या फोनवरून लावायचा. मूल सोबत असेल आणि त्याच्यावरच अत्याचार झाल्याचा संशय असेल, तर स्वयंसेविकेने गुप्ततेचा शब्द द्यायचा नाही. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं कायद्याने बंधनकारक आहे.

एक प्रश्न बहुतेक जणी विचारायला कचरतात, तो विचाराच: "कधी गळा दाबला होता का?" हो म्हणाली तर तो फोन लगेच अधीक्षिकेकडे. गळा दाबणाऱ्याकडून पुढे जीव जाण्याचा धोका बराच जास्त असतो. बाहेर खूण नसली तरी आत सूज वाढू शकते, म्हणून घटना ताजी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. मरणाच्या गोष्टी करत असेल तर टेली मानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) १४४१६ आहेच, पण फोन ठेवून देऊ नका.

"निघून ये" हे शब्द स्वयंसेविकेच्या तोंडी नकोत. बाई निघते तेव्हाच धोका सगळ्यात वाढतो, म्हणून वेळ तिने ठरवायची. आपण तयारी करायची. तिच्याशी बोलून हे ठरवा: आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा निकाहनामा, औषधं. जमेल तसं एकेक करून विश्वासाच्या घरी पोचवायचं, एकदम पिशवी भरायची नाही. राहिलं तर राहू दे. स्त्रीधन परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. सामान आणायला स्वयंसेविकेने त्या घरी जायचं नाही, पोलिसांसोबतच जायचं.

निघायच्या दिवशी फोनचं लोकेशन शेअरिंग बंद आहे का आणि फोनवर गुगल खातं कुणाचं आहे ते बघा. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार काढले की बँकेचा मेसेज ज्या नंबरावर जातो तो बहुधा नवऱ्याचा. कुठल्या एटीएमवर पैसे निघाले हे त्याला बसल्या जागी कळू शकतं. वाटेत पैसे काढायचे असतील तर मुक्कामाच्या उलट दिशेच्या गावात.

प्रवासात बदलाची जागा ठरलेली हवी. रिक्षावाला किंवा ओळखीचा चालक बाईला ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत सोडतो. तिथून पुढची गाडी वेगळी, माणूस वेगळा. कुणालाही पूर्ण रस्ता माहीत नसतो. खाडी ओलांडायची असेल तर दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीची शेवटची फेरी त्याच दिवशी सकाळी विचारून घ्या. पावसात वेळा बदलतात. एकदा आमची बाई दोन मुलांसह जेटीवर पोचली आणि बोट गेलेली. रात्र तिने मच्छीवाल्या बायकांच्या शेडमध्ये काढली. त्या बायकांनी एक प्रश्न विचारला नाही, भाकरी दिली आणि उजाडल्यावर पहिल्या बोटीत बसवलं. त्यांचं प्रशिक्षण कुणी घेतलं नव्हतं.

तपासा: पोचल्यावर पहिल्याच दिवशी बाईच्या हस्ताक्षरात दोन ओळी घ्या, "मी माझ्या मर्जीने घर सोडलं आहे, सुरक्षित आहे." मागे नवरा बेपत्ताची तक्रार देतोच, कधी पळवून नेल्याचीही. हा कागद अधीक्षिकेने किंवा संरक्षण अधिकाऱ्यांनी पोलिसांकडे द्यायचा. स्वयंसेविकेने नाही, आणि पत्ता न लिहिता.

टप्पा ७: देणगी, पाहुणे, फोटो

जुन्या साड्यांचे गठ्ठे येतात, ते वाटेपर्यंत दमछाक होते. मागायची यादी आधीच द्या: नवी अंतर्वस्त्रं, पॅड, छत्र्या, शाळेच्या वह्या, वाचायचे चष्मे, बारीक दातांची फणी. उघडलेली औषधं घेऊ नका. सामान बाजारातल्या एखाद्या दुकानात जमा करा, निवारागृहात नाही.

"पोराच्या वाढदिवसाला तिथल्या मुलांना खाऊ वाटायचाय," असं म्हणणाऱ्यांना खाऊ घ्या, पाहुणे नको. पुढारी असतील तरी तेच. फोटो दुकानातल्या खोक्यांचा काढा. आतल्या कुठल्याही गोष्टीचा फोटो नाही: पाठमोऱ्या बायका नाहीत, चेहरा पुसलेली मुलं नाहीत, अंगणातलं झाडसुद्धा नाही. बांगड्यांवरून आणि चालण्यावरून बाई ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत.

टप्पा ८: नोंदी

दोन वह्या. एकीत क्रमांक आणि मदतीचा तपशील, दुसरीत क्रमांक आणि नाव. दुसरी अधीक्षिकेच्या कुलपात. व्हॉट्सअ‍ॅपवर क्रमांकसुद्धा नाही. देणगीदारांच्या अहवालात आकडे तालुक्याचे आणि तिमाहीचे द्या. "अमुक गाव: १" असं छापलं, तर ती एक कोण हे त्या गावाला विचारायला लागत नाही.

टप्पा ९: स्वयंसेविका टिकवणं आणि जाऊ देणं

फोनची पाळी सहा तासांहून मोठी नको, आणि वाईट फोननंतर त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायची सोय हवी. नाव न घेता. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जेवायचं, कामावर न बोलता. प्रवासखर्च त्याच आठवड्यात द्या. साठ रुपयांसाठी दोनदा आठवण करावी लागली की माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि कारण काहीतरी दुसरंच सांगतो.

मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअगोदर, एक दिवस पावसाळी तयारीचा: इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम, पंधरा दिवसांचा किराणा, आणि वीज-नेटवर्क दोन्ही गेलं तर पाळीवाली कुणाच्या घरी चालत जाणार, ते नावानिशी.

स्वयंसेविका काम सोडते तेव्हा निरोपाचा नारळ देण्याआधी हे उरका: ओळखपत्र परत, ग्रुपमधून नाव काढणं, तिच्या फोनमधले आपल्या कामाचे नंबर तिच्यासमोर पुसणं. ती आतल्या रिंगणात असेल तर फाटकाचं कुलूप बदला आणि भाजीवाल्याला, दूधवाल्याला सांगा की ताई आता येणार नाहीत. ती नाराज होऊन गेली असेल तर मदतीच्या नंबरावरची पाळीही आठवडाभर उलटसुलट करून टाका.

तपासा: सहा महिन्यांनी तिला सहज फोन करा. "गुप्तता" हा शब्द न काढता विचारा, "कुणी काही विचारतं का गो अजून?"